शेवटच्या खुर्चीपर्यंत

व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, दुपारी अडीचची असली तरी कार्यालयात तिची धावपळ सकाळपासूनच सुरू होते. माहितीचे तक्ते मेलवर येऊन पडतात, ग्रामसेवकांना फोन जातात, "सर्वांनी दीड वाजता हजर राहावे" असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पडतो आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागते. भोकरला तालुक्याच्या एका कार्यालयात मी बरीच वर्षं आस्थापनेचं टेबल सांभाळतो आहे. संगणकाची थोडी आवड होती, म्हणून व्हीसीचं सामान हळूहळू माझ्याकडेच आलं. कॅमेरा, माइक, टीव्ही, वायरींची गुंडाळी, रिमोट, रिमोटचे सेल, सगळं. माझ्या जॉब चार्टमध्ये या कामाचा उल्लेख नाही. पण मला ते मनापासून आवडतं, कारण बैठकीत कुणाचं म्हणणं वरपर्यंत जाणार आणि कुणाचं हॉलमध्येच विरणार, हे बरंचसं या सामानावर ठरतं. सामान विकत घेतानाच ते ठरून जातं आणि तेव्हा कुणाच्या ध्यानातही येत नाही.

पूर्वी बैठक म्हणजे नांदेड. भोकर ते नांदेड अंतर पन्नास किलोमीटरच्या घरातलं, पण दिवस पुरा जायचा. सकाळची एसटी, सीताखंडीचा घाट, पावसाळ्यात रस्त्याची दुर्दशा, तिथं पोचल्यावर वाट पाहणं, आणि आपल्या तालुक्याच्या वाट्याला मोजकी पाच-सात मिनिटं. माहूर-किनवटच्या लोकांना तर शंभराहून जास्त किलोमीटर तोडून यावं लागे. त्यात एक चांगलंही होतं. बैठक संपल्यावर व्हरांड्यात साहेबांना गाठता यायचं, हातातला कागद पुढं करता यायचा, जे सभागृहात बोलता आलं नाही ते चहाच्या टपरीवर दुसऱ्या तालुक्याच्या माणसाशी बोलून मोकळं होता यायचं. व्हीसीत यातलं काही नाही.

पण नांदेडच्या बैठकीला जायचे कोण? कार्यालयप्रमुख, फार तर एखादा विस्तार अधिकारी. गावात प्रत्यक्ष काम करणारा ग्रामसेवक, अंगणवाडीची सेविका, आशाताई यांना जिल्ह्याच्या बैठकीत तोंड उघडायची वेळच येत नसे. त्यांचं म्हणणं विस्तार अधिकाऱ्याच्या वहीतून, साहेबांच्या तोंडून, दोनदा गाळून वर जायचं. व्हीसीमुळे पहिल्यांदाच असं झालं की एखाद्या तांड्यावरची सेविका भोकरच्या हॉलमध्ये बसून थेट जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला सांगू शकते की माझ्या अंगणवाडीचा वजनकाटा बंद आहे. हे मला फार मोठं वाटतं. म्हणूनच तिच्या जागेवर माइक पोचत नसेल तर मला चैन पडत नाही.

ही सोय एका दिवसात आली नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, १९७६ साली सुरू झालं आणि पुढं त्याच्या जिल्हा केंद्रांमार्फत कलेक्टर कचेऱ्यांत व्हीसीच्या खोल्या झाल्या. कितीतरी वर्षं ती खोली हे एक वेगळंच ठाणं होतं. तिथलं यंत्र, तिथला गारवा, तिथला ऑपरेटर. २५ मार्च २०१५ रोजी पंतप्रधानांनी 'प्रगती' नावाची आढावा बैठक सुरू केली, तीही व्हीसीवरच, राज्यांच्या मुख्य सचिवांना समोर बसवून. वर अशी पद्धत रुळली की ती खाली झिरपतेच. तरी तालुक्याच्या पातळीवर खरी उलथापालथ झाली ती २०२० च्या मार्चमध्ये. टाळेबंदी लागली आणि जिल्ह्याला जायचा रस्ताच बंद झाला. डिसेंबर २०१९ मध्ये झूमच्या बैठकांत दिवसाला एक कोटी लोक असायचे, ते मार्च २०२० मध्ये वीस कोटींवर गेले, असं त्या कंपनीनंच तेव्हा जाहीर केलं होतं. पाठोपाठ १६ एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाची सूचना निघाली की सरकारी कामासाठी झूम वापरू नये. मग रोज नवी लिंक, नवं अ‍ॅप, नवा पासवर्ड. त्या काळात आमची व्हीसी म्हणजे स्टीलच्या तांब्याला टेकवून उभा केलेला एक मोबाइल आणि त्याच्याभोवती तोंडाला रुमाल बांधून, अंतर ठेवून बसलेली माणसं. रुमालातून बोललेलं, सहा फुटांवरून, मोबाइलच्या टाचणीएवढ्या छिद्रात. कोविड केअर सेंटरच्या खाटा, परगावाहून आलेल्यांच्या याद्या, रेशन, सगळं त्या छिद्रातून गेलं.

टाळेबंदी उठली, पण व्हीसी राहिली, आणि रीतसर हॉलमध्ये आली. हा हॉल सांगतो, कारण महाराष्ट्रातल्या शेकडो तालुक्यांत थोड्याफार फरकानं असाच हॉल आहे. लांबट, स्लॅबचा, उंच छताचा. खाली गुळगुळीत फरशी, भिंतींना चकचकीत ऑइल पेंट, एका बाजूला लोखंडी गजांच्या मोठ्या खिडक्या. छताला पंखे, त्यातले दोन कुरकुरणारे. पुढं मोठं टेबल, त्यामागं साहेबांच्या खुर्च्या, आणि समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा. बाहेर जनरेटर. या हॉलमध्ये मऊ असं काहीच नाही, त्यामुळे बोललेला शब्द भिंतीवर, फरशीवर, छतावर आपटत राहतो. टाळी वाजवून बघा, तिचा आवाज लगेच मरत नाही. समोरासमोर बसलेल्या माणसाला याचा त्रास होत नाही. आपल्या दोन कानांना दिशा कळते, बोलणाऱ्याचे ओठ दिसतात, नको तो घुमारा मेंदू बाजूला सारतो. माइकला यातलं काहीच येत नाही. तो जे येईल ते सरसकट पुढं पाठवतो. मग नांदेडला बसलेल्या माणसाला आमचं बोलणं विहिरीतून आल्यासारखं ऐकू जातं.

आणि अंतर. आवाज तोंडापासून दुप्पट लांब गेला की सहा डेसिबलने उतरतो. तोंडापासून एका फुटावर असलेला माइक आठ फुटांवर नेला तर अंतर तीनदा दुप्पट झालं, म्हणजे अठरा डेसिबलची घट. पंख्याचा आवाज मात्र जिथल्या तिथं. पुढच्या टेबलावरचा माइक साहेबांपासून दीड फुटावर आणि शेवटच्या रांगेपासून पंचवीस फुटांवर असतो. हे गणित ज्यानं एकदा मनात धरलं तो दुकानात पहिल्यांदा कॅमेरा बघणार नाही.

उन्हाळ्यातल्या एका टंचाई आढाव्यानं हे गणित मला पक्कं शिकवलं. जिल्ह्याच्या व्हीसीत सोळा तालुके असतात. तक्त्यात नावं बहुधा इंग्रजी वर्णक्रमानं येतात, त्यामुळे अर्धापूर झालं की लगेच भोकर. सामान नीट करायला उसंत नसते. त्या दिवशी विहीर अधिग्रहणाचा विषय झाला, मग टँकर. एका तांड्याबद्दल विचारणा झाली. तिथला ग्रामसेवक शेवटच्या रांगेत होता. तो उभा राहून म्हणाला, "टँकर येऊलालंय सर, पण चौथ्या दिवशी एक खेप. पाणी पुरंना." हॉलमध्ये आम्हा सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं. पलीकडून उत्तर आलं, "ठीक आहे. पुढचा तालुका." पुढच्या क्षणाला पलीकडून आमचा माइक बंद झाला. इतिवृत्तात नोंद आली : टँकर सुरू.

पलीकडे बसलेल्यांचा यात दोष नव्हता. त्यांना वाक्याचा पहिला तुकडाच मिळाला होता. कारण मी नंतर शोधलं. आजकालचे माइक आणि बैठकीची अ‍ॅप पंख्यासारखा सततचा आवाज गाळून टाकतात. ही गाळणी माणसाचा जवळचा, ठाम आवाज ओळखते. लांबचा, वाक्याच्या शेवटाकडं उतरत जाणारा आवाज तिला पंख्याच्याच जातीचा वाटतो आणि ती तोही गाळते. आपली मराठी बोलताना वाक्याच्या शेवटी आवाज उतरतो. आणि आपल्याकडं अधिकाऱ्यापुढं तक्रार सांगताना तर 'पण'च्या पुढचा आवाज आपोआप बारीक होतो. नेमकी तीच जागा कापली गेली. बैठक संपल्यावर तो ग्रामसेवक माझ्या टेबलाशी आला. "सर, माझं ऐकू गेलं का?" एवढंच त्यानं विचारलं. पत्र लिहून, फोन करून ती नोंद दुरुस्त झाली, पण त्यात दिवस गेले, आणि एप्रिलमध्ये तांड्यावर पाण्याचे दिवस कसे जातात ते इकडच्या माणसाला सांगायला नको.

असंच एकदा घरकुलांच्या हप्त्याचं झालं. इकडून 'साठ' म्हटलेलं तिकडं 'आठ' लिहिलं गेलं. 'स', 'श', 'फ' या अक्षरांचा जोर उंच स्वरात असतो, आणि लांबून येणाऱ्या, घुमलेल्या आवाजात पहिल्यांदा हीच अक्षरं विरतात. जुन्या टेलिफोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच पट्टी जायची, म्हणून ट्रंक कॉलवर बोलणारे आकडा दोनदा सांगायचे, 'साठ, सहावर शून्य' असं फोडून सांगायचे. आजची यंत्रं त्याहून कितीतरी रुंद पट्टी पाठवू शकतात. पण माइकपर्यंत जे पोचलंच नाही, ते कुठलंही यंत्र पाठवणार कसं?

यानंतर नवं सामान घ्यायचं ठरलं, आणि खरेदीच्या कागदांत मला एक गोष्ट दिसली जी पुढं इतर कार्यालयांच्या कागदांतही दिसत राहिली. दरपत्रकं मागवायची तर तपशील लिहावे लागतात. कॅमेऱ्याचा तपशील लिहिणं सोपं असतं : ४के, बारा पट झूम, रिमोटवर फिरणारा. टीव्हीचा त्याहून सोपा : ६५ इंच. माइकपुढं मात्र 'उत्तम दर्जाचा' एवढंच लिहिलेलं असतं. ज्याला आकडा आहे त्याची तुलना होते, त्याच्यावर पैसा लागतो. ज्याला आकडा नाही ते तुलनात्मक तक्त्यात सगळ्यात स्वस्तातलं येऊन बसतं. यात कुणाची लबाडी नसते, कागदाची रचनाच तशी आहे. आणि तो ४के कॅमेरा तालुक्यात करतो काय? गटाच्या बैठकीत अ‍ॅप चित्र आधीच लहान करतं, आमची लाइन ते आणखी लहान करते, आणि जिल्ह्याच्या पडद्यावर सोळा चौकटींतल्या एका चौकटीत आम्ही असतो. तिथं ४के काय आणि साधा एचडी काय, चेहरे बोटाच्या नखाएवढेच दिसणार.

आम्ही मागणी उलटी लिहिली. माइकचा तपशील आधी, आणि तो असा : हॉलमधील कोणत्याही खुर्चीवर बसून, पंखे चालू असताना, नेहमीच्या आवाजात बोललेले पलीकडे स्पष्ट ऐकू गेले पाहिजे; बसवल्यानंतर तशी चाचणी घेऊनच देयक अदा केले जाईल. आमचे साहेब या वाक्यावर थोडे थांबले. 'स्पष्ट' म्हणजे किती, असा लेखापरीक्षणात प्रश्न येईल, हे त्यांचं म्हणणं रास्त होतं. म्हणून चाचणीची पद्धतच कागदावर घेतली. आकड्यांची आणि गावांच्या नावांची एक यादी. शेवटच्या रांगेतला माणूस ती वाचणार, नांदेडला बसलेला माणूस ऐकेल ते लिहिणार, आणि दोन्ही कागद जोडून नस्तीत ठेवायचे. साहेबांनी सही केली.

नांदेडहून एक तरुण पुरवठादार नमुन्याला यंत्रं घेऊन आला. पहिलं होतं टीव्हीखाली बसवायची लांब पट्टी, तिच्यातच कॅमेरा, माइक, स्पीकर. दिसायला सुरेख, वायर एकच. पुढच्या टेबलावरून बोललेलं अगदी खणखणीत जात होतं आणि तो तरुण खूश होता. मग आमचे शिपाईमामा यादी घेऊन शेवटच्या खुर्चीवर बसले. सात, साठ, आठ, सतरा, सत्तर, एकोणसाठ, एकोणसत्तर. पाळज, भोसी, हळदा, किनी, मातुळ. मामांचा आवाज मुळात खर्जातला, त्यात ते वाचताना कागदात मान घालतात. मला तसाच वाचणारा हवा होता. नांदेडला माझा एक शिक्षक मित्र कागद-पेन घेऊन बसला होता. त्यानं लिहिलेल्या कागदाचा फोटो आला तेव्हा निम्म्याहून जास्त आकडे चुकलेले होते, आणि 'हळदा'च्या जागी प्रश्नचिन्ह होतं. पुरवठादार बराच वेळ तो फोटो बघत राहिला. त्या पट्टीत खोट नव्हती. ती सात-आठ माणसांच्या, गालिचा अंथरलेल्या लहान खोलीसाठी केलेली होती. आमचा हॉल तिच्या आवाक्याबाहेरचा.

दुसरं होतं टेबलावर ठेवायचं, माइक आणि स्पीकर एकत्र असलेलं यंत्र, आणि त्याला वायरीनं जोडायचे जास्तीचे दोन माइक. पॉलिकॉम कंपनीनं १९९२ साली तीन पाकळ्यांचा बैठकीचा फोन काढला, त्याच वंशातलं हे. याचा गुण असा की आपला स्पीकर काय वाजवतो आहे ते या यंत्राला ठाऊक असतं, म्हणून तोच आवाज माइकमधून परत आला तर ते तो वजा करतं. नाहीतर जिल्ह्याचा आवाज आमच्या टीव्हीतून निघून आमच्याच माइकमधून परत जिल्ह्याला जातो आणि बोलणाऱ्याला आपलंच वाक्य मागून ऐकू येतं. जिथं माइक एका कंपनीचा, स्पीकर टीव्हीचा आणि मध्ये जुना अ‍ॅम्प्लिफायर अशी जोडणी असते, तिथं ही वजाबाकी बिघडते. शिवाय हॉलमध्येच कुणीतरी मोबाइलवर तीच लिंक उघडून बसलेला असतो, मग शिट्टी घुमायला लागते. आम्ही आता बैठकीआधी सांगतोच, हॉलमध्ये लिंक एकच.

जास्तीचे माइक मधल्या रांगांपर्यंत पोचले आणि यादी बरीच सुधारली. तरी शेवटची रांग राहिलीच. तिच्यासाठी हातात धरायचा एक बिनतारी माइक घेतला, लग्नात-सप्त्यात असतो तसाच, फक्त त्याचा रिसीव्हर त्या मुख्य यंत्रालाच जोडता यायला हवा, ही अट घालून. म्हणजे वजाबाकी एकाच ठिकाणी होते. या वेळी मामांनी वाचलेली यादी जशीच्या तशी उतरली. हळदाही.

यंत्रांपेक्षा कमी पैशात झालेली कामं जास्त उपयोगी पडली, हेही नोंदवलं पाहिजे. भांडारात पडून असलेल्या जुन्या सतरंज्या झटकून खाली अंथरल्या. खिडक्यांना जाड कापडाचे पडदे लावले. मागच्या भिंतीवर सूचनाफलकाचे मोठे सॉफ्टबोर्ड लावले, त्यांनी घुमारा बराच पिऊन घेतला. कुरकुरणाऱ्या पंख्यांत तेल घातलं. खुर्च्यांच्या सरळ रांगा मोडून इंग्रजी यू अक्षरासारख्या मांडल्या, त्यामुळे शेवटची खुर्चीच पुढं आली. खिडकी पाठीमागं असली की कॅमेऱ्यात माणसं काळी दिसतात, म्हणून साहेबांच्या खुर्च्या दुसऱ्या भिंतीकडं फिरवल्या. कॅमेरा साधा, रुंद दिसणारा, एका जागी बसणारा घेतला. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

वायरीबद्दल मात्र सांगतो, कारण तिथं बऱ्याच ठिकाणी गडबड होते. साधी यूएसबीची वायर पाच मीटरच्या पुढं धड चालत नाही. लांबट हॉलमध्ये कॅमेरा एका टोकाला, संगणक दुसऱ्या टोकाला ठेवला की मध्ये जोड लावावे लागतात आणि बैठकीच्या मध्यावर कॅमेरा 'सापडत नाही' असं संगणक म्हणतो. संगणकच टीव्हीजवळ नेला, प्रश्न मिटला. इंटरनेट वायफायवर न ठेवता लॅनच्या वायरीनं दिलं.

वीज आणि लाइन हा इकडचा जुना विषय. रस्त्याचं काम निघालं की जेसीबीच्या दाताला पहिली लागते ती फायबर. दुसरी लाइन म्हणून मोबाइलचा डोंगल ठेवला. वीज गेली की हॉलचा टीव्ही इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण लिंक तुटते, असं कुठंही दिसलं तर बघा, राउटर आणि फायबरची डबी इन्व्हर्टरवर जोडलेलीच नसते. दोन्ही मिळून एखाद्या बल्बएवढी वीज खातात, पण ती डबी दुसऱ्या खोलीत, कपाटामागं असते आणि कुणाला आठवत नाही. आणि लाइन अगदीच मंदावली तर मी सरळ चित्र बंद करतो. चित्राला दीड ते तीन एमबीपीएस जातात, नुसत्या आवाजाला शंभर केबीपीएसही लागत नाहीत. पूर्वी चित्र बंद केलं की "भोकर, तुम्ही दिसत नाही" असा पुकारा व्हायचा. आता मी आधीच चॅटमध्ये टाकतो, 'लाइन कमी, आवाज सुरू आहे', आणि तिकडचे लोकही समजून घेतात.

आमच्याकडच्या न्यायालयात काम करणारा एक स्नेही आहे. त्याच्याशी या विषयावर बोलणं झालं तेव्हा त्यानं मला महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेला एक खटला सांगितला. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई, निकाल १ एप्रिल २००३. साक्षीदार डॉक्टर अमेरिकेत, इथं यायला त्यांनी नकार दिला होता, पण व्हीसीवर साक्ष द्यायला ते तयार होते. आरोपीच्या समक्ष साक्ष झाली पाहिजे असं कायदा सांगतो, मग पडद्यावरची साक्ष 'समक्ष' धरायची का? न्यायालयानं धरली. आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० नं तर खटल्याची कामं इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं चालवायची मोकळीकच दिली आहे. स्नेही म्हणाला, "आमच्याकडं तर कैद्यानं 'हो' म्हटलं का 'नाही' म्हटलं, हे नीट ऐकू आलंच पाहिजे." मला वाटतं आमच्या आढावा बैठकीलाही हाच निकष लावायला हवा. तिथंही एका वाक्यावर कुणाचं तरी पाणी, कुणाचा तरी हप्ता अवलंबून असतो. पडद्यावरची हजेरी ही हजेरी धरायची तर तिचं ऐकू आलं पाहिजे.

बोलायची सवय हा सामानाचाच एक भाग आहे, हे हळूहळू कळलं. आवाज इथून तिथं पोचायला थोडा वेळ जातो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे एका बाजूची ही दिरंगाई १५० मिलिसेकंदांच्या आत असली तर बोलण्यात अडथळा वाटत नाही. आमच्या लाइनवर ती बऱ्याचदा वाढते. मग दोघं एकदम बोलायला लागतात, दोघं एकदम थांबतात, आणि यात नेहमी खालच्या माणसाचं वाक्य पडतं, कारण तोच आधी गप्प होतो. त्यावर आम्ही साधी शिस्त ठरवली. पलीकडच्याचं वाक्य संपलं की मनात एक म्हणून मग बोलायचं. आधी गावाचं नाव, मग अडचण, मग जे चालू आहे ते. अडचण शेवटी ठेवायची नाही. आकडा दोनदा. हे ग्रामसेवकांच्या मासिक बैठकीत दोन-तीनदा सांगितलं आणि सेविकांच्या बैठकीतही, माइक हातात देऊन, बोलायला लावून.

पहिल्यांदा माइक हातात घेताना ताईंची फार घालमेल व्हायची. कुणी तो छातीशी धरायचं, कुणी हातभर लांब. एक वयस्कर सेविका, जिचं निम्मं आयुष्य तांड्यावरच्या पोरांना भात-उसळ वाढण्यात गेलं, ती माइक शेजारणीकडं सरकवत म्हणाली, "मला नको बाई, माझं गोरमाटी मिसळतंय मराठीत." तिच्या पर्यवेक्षिका मॅडम म्हणाल्या, "मिसळू द्या की. तिकडं बसलेल्यांना वजनकाटा म्हटलेलं कळतंय." पुढच्या पोषण आढाव्यात ती बोलली. हनुवटीखाली चार बोटांवर माइक धरून, सांगितला होता तसाच. तांड्याचं नाव, कमी वजनाची मुलं किती, काटा कधीपासून बंद. पलीकडून विचारणा झाली, "पर्यायी काटा मिळाला का?" तिनं उत्तर दिलं, त्यावर पलीकडून पुन्हा प्रश्न आला, तिनं पुन्हा उत्तर दिलं. मधल्या फळीतल्या कुणाला तोंड उघडावं लागलं नाही. एवढं बोलणं तिचं आणि जिल्ह्याचं थेट झालं. मी मागं वायरींजवळ उभा होतो आणि मला मनापासून बरं वाटलं.

सगळं सुटलं असं मात्र नाही. सोळा तालुक्यांना मिळून दोन तास असले तर भोकरला सात-आठ मिनिटंच येणार, माइक कितीही चांगला असो. पलीकडून सगळ्यांचे माइक एकदम बंद करण्याचं बटण तिकडं असतं आणि ते गरजेचंही आहे, पण वाक्य पुरं होऊ द्यावं अशी विनंती आम्ही लेखी केली आहे. बिनतारी माइकचे सेल बैठकीआधी बदलायचे, हे आता माझ्याबरोबर मामांच्याही अंगवळणी पडलं आहे. जडवस्तू नोंदवहीत प्रत्येक माइकपुढं मी तो कुठल्या रांगेसाठी आहे हे लिहून ठेवलंय, म्हणजे उद्या माझी बदली झाली तरी तो कपाटात जाऊन बसू नये.

सध्या नव्या सभागृहाचं काम निघायचं घाटतंय. नकाशा बघितला. समोर मोठी काच, गुळगुळीत टाइल्स, छताला पीओपीची नक्षी, आणि व्यासपीठामागं भलाथोरला पडदा. अभियंता साहेबांकडं मी एक टिपण दिलं आहे. फरशी टाकायच्या आधी व्यासपीठापासून मागच्या भिंतीपर्यंत दोन पाइप गाडून घ्यावेत, एक विजेच्या वायरीला, एक माइकच्या वायरीला, वेगवेगळे, कारण एकत्र असले की माइकमध्ये गुणगुण येते. मागच्या रांगेच्या दोन्ही बाजूंना माइकचा पॉइंट असावा. छताच्या नक्षीऐवजी आवाज शोषणाऱ्या छिद्राच्या टाइल्स बसवाव्यात, प्राकलनात फरक किती पडतो ते तपासून बघावं. राउटरची जागा हॉलमध्येच, इन्व्हर्टरच्या जोडणीवर. साहेबांनी टिपण वाचलं, पाइपांच्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि विचारलं, "मागच्या भिंतीपर्यंत? एवढ्या लांब?" मी म्हटलं, "हो सर, तिथपर्यंतच."